विश्लेषण : टीबीचा उपचार सहा महिन्यांचा, ऊसतोडीचा हंगामही तेवढाच! गोळ्या नेमक्या कुठे चुकतात?

दसरा-दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, दिग्रस, महागाव भागातील तांड्यांवरून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. परततात ते उन्हाळ्याच्या तोंडावर. क्षयरोगाचा (टीबी) साधा उपचारही सहा महिन्यांचा. गावात सुरू झालेला उपचार फडात तुटतो, तो या दोन वेळापत्रकांच्या टकरीमुळे.

स्थलांतरितांना धोका जास्त का?

टीबीचे जंतू हवेतून पसरतात. उसाच्या फडावरची कोपी, वीटभट्टीवरची झोपडी किंवा बांधकामावरची पत्र्याची खोली, सगळीकडे दाटीवाटी असते. त्यात अपुरा आहार. झारखंडमधील ‘राशन्स’ अभ्यासात (२०२३) रुग्णांच्या कुटुंबीयांना पूरक आहार दिल्यावर त्यांच्यातील नव्या टीबीचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. वणी परिसरातील खाणपट्ट्यात आणखी एक धोका असतो, तो धुळीचा. सिलिकायुक्त धूळ फुप्फुसात साचली की टीबीची शक्यता वाढते.

उपचार मध्येच का सुटतो?

पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन औषधे रोज घ्यावी लागतात. पण काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते आणि आजार गेला असे वाटते. तोवर मुकादमाची उचल घेतलेली असते. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. एक जण दवाखान्यात गेला की जोडीचे काम थांबते, खाडा लागतो आणि उचल फिटायची राहते. आजार कळला तर टोळीत घेणार नाहीत, ही भीती वेगळीच. म्हणून खोकला लपवला जातो. अर्धवट उपचारामुळे जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि पुढचा उपचार अधिक कठीण होतो.

परजिल्ह्यात औषध मिळते का?

हो, आणि मोफत. २०१२ पासून ‘निक्षय’ या ऑनलाइन प्रणालीत रुग्णांची नोंद होते. निक्षय क्रमांकावरून उपचार देशातील दुसऱ्या सरकारी केंद्रात हलवता येतो. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये बँक खात्यात दिले जात; नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली.

मग अडते कुठे?

पत्त्यावर. मजुराला कारखान्याचे नाव ठाऊक असते, मुक्कामाचे गाव नसते. टोळी एका शिवारातून दुसऱ्या शिवारात फिरते. संगणकावर रुग्ण ‘स्थलांतरित’ झाला, तरी तिकडच्या आरोग्य कर्मचाऱ्याला तो सापडेलच असे नाही. टोळी कुठे आहे हे मुकादमाला माहीत असते, पण आरोग्य यंत्रणेला ते कळतेच असे नाही.

देशाचे उद्दिष्ट कुठवर आले?

२०१५ च्या तुलनेत २०२५ पर्यंत नव्या रुग्णांचे प्रमाण ८० टक्क्यांनी कमी करायचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ते दर लाख लोकसंख्येमागे २३७ वरून २०२४ मध्ये १८७ वर आले, म्हणजे घट सुमारे २१ टक्के.

उपाय काय?

गाड्या निघण्यापूर्वीच तांड्यावर तपासणी, सुरू असलेल्या रुग्णाच्या हाती पुढील औषधांचा साठा, नोंदीत मुकादमाचा फोन क्रमांक आणि कारखान्याच्या गट कार्यालयाशी संपर्क. यातल्या कशासाठीही नवे औषध किंवा नवे रुग्णालय लागत नाही.

हे लक्षात ठेवा

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन किंवा थुंकीतून रक्त अशी लक्षणे असल्यास सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. उपचार सुरू असेल तर गाव सोडण्याआधी आशाताईंना सांगा आणि निक्षय क्रमांक मोबाइलमध्ये जपून ठेवा. मोफत हेल्पलाइन : १८००-११-६६६६.