पाच पदकं, पाचही संघाच्या बोटींची. पण खेड्यातल्या पोराला दार एकच

आशियाई स्पर्धा आता जपानमधल्या आयची-नागोया इथे आहेत, १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६. कबड्डी, कुस्ती, क्रिकेटचे निकाल मोबाईलवर लगेच फिरतील. रोइंग म्हणजे वल्ह्याच्या बोटींच्या शर्यतीकडे मात्र फारसं कुणी बघणार नाही. आपल्या नाशिक जिल्ह्याने तरी बघायला हवं. कारण या खेळातलं आशियाई सुवर्ण आपल्या चांदवड तालुक्यात आलेलं आहे.

२४ ऑगस्ट २०१८. इंडोनेशियातल्या पालेमबांगमध्ये चार जणांच्या बोटीत भारताने सुवर्ण जिंकलं. वेळ ६ मिनिटं १७.१३ सेकंद. बोटीत पंजाबचे सवर्ण सिंग आणि सुखमीत सिंग होते, ओम प्रकाश होते आणि चौथे तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ. आशियाई स्पर्धेत रोइंगचं हे भारताचं दुसरंच सुवर्ण. पहिलं २०१० मध्ये बजरंगलाल ताखर यांनी एकट्याच्या बोटीत मिळवलं होतं.

आदल्याच दिवशी दत्तू यांची एकट्याची शर्यत पार फसली होती. चोवीस तासांत तोच माणूस तिघांच्या जोडीने पहिला आला. संघाच्या बोटीची ताकद ती हीच.

हा खेळ आहे तरी काय?

अंतर २००० मीटर, सरळ पाणी, शेजारी-शेजारी सहा बोटी. बसणाऱ्याची पाठ पुढच्या दिशेला असते, म्हणजे कुठे चाललोय ते त्याला दिसत नाही. चौघांच्या ज्या बोटीने सुवर्ण मिळवलं तिच्यात प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही असतात. आठ जणांच्या बोटीत प्रत्येकाला एकच वल्हं, आणि नववा माणूस वल्हं मारतच नाही. तो पुढे तोंड करून बसतो, दिशा सांभाळतो, आवाज देतो. त्याला कॉक्स म्हणतात.

बैलजोडी हाकलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही. एका बैलाने ओढ घेतली आणि दुसऱ्याने मान टाकली, तर गाडी बांधावर जाते. इथे तर आठ जणांची वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडावी लागतात आणि एकाच क्षणी बाहेर यावी लागतात. एकटा कितीही दांडगा असला तरी त्याचा जोर बाकीच्यांशी जुळला नाही, तर तो बोटीला अडथळाच होतो. हा जम काही महिन्यांत बसत नाही, त्याला वर्षं लागतात.

हांगझोऊने काय दाखवलं?

मागची आशियाई स्पर्धा २०२३ मध्ये चीनच्या हांगझोऊला झाली. रोइंगमध्ये भारताला पाच पदकं मिळाली, २ रौप्य आणि ३ कांस्य. पाचही पुरुषांची, आणि पाचही दोन, चार किंवा आठ जणांच्या बोटींची. एकट्याच्या बोटीत बलराज पन्वर चौथे आले, पदक थोडक्यात हुकलं.

आठ जणांच्या बोटीत चीनने ५ मिनिटं ४०.१७ सेकंद घेतले, भारताने ५ मिनिटं ४३.०१. तीन सेकंदही फरक नाही. याच बोटीतल्या जसविंदर सिंग, भीम सिंग, पुनीत कुमार आणि आशिष यांनी दुसऱ्या दिवशी चौघांच्या बोटीत कांस्यही मिळवलं. एका अर्थाने हे कौतुकाचंच. पण दुसरा अर्थही काढला पाहिजे. त्याच चौघांना दोन्ही बोटींत बसवावं लागलं, कारण त्या तोडीची माणसं आपल्याकडे मोजकीच आहेत. २०१८ ला सुवर्ण जिंकलेल्या प्रकारात २०२३ ला आपण कांस्यावर आलो. जुन्या चौघांपैकी नव्या बोटीत फक्त सुखमीत उरले होते.

ऑलिंपिकमध्ये तर रोइंगचं एकही पदक अजून भारताकडे नाही. टोकियोत अर्जुन लाल आणि अरविंद सिंग कमी वजनाच्या दोघांच्या बोटीत ११ वे आले, ती आपली मोठी मजल मानली गेली. पण कमी वजनाचा तो गट आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये नाहीच. म्हणजे पुढची झुंज उंच, वजनदार गड्यांची आहे.

पोरं येतात कुठून?

आता मुद्द्याचं. वर ज्यांची नावं आली, ती मंडळी बहुतेक फौजेतली. गावाकडून भरती झाली, फौजेने उंची बघितली आणि हातात वल्हं दिलं. पुण्यात लष्कराचं रोइंगचं केंद्र आहे. तिथे पाणी आहे, बोट आहे, प्रशिक्षक आहे, पोटभर खाणं आहे आणि महिन्याला पगार आहे. यातली एक गोष्ट जरी कमी पडली, तरी शेतकऱ्याचं पोर या खेळात टिकत नाही, कारण शर्यतीची बोट लाखांत जाते.

दत्तू यांचाच हिशेब बघा. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचं काम केलं. २०११ मध्ये वडील गेले. २०१२ मध्ये ते फौजेत भरती झाले, तेव्हा ते रोइंगचे खेळाडू नव्हते. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये १३ वे आले आणि २०१८ ला सुवर्ण. भरतीपासून सुवर्णापर्यंत सहा वर्षं.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. जाहीर झालेला नियम असा : नोकरी चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम. आता कुणी म्हणेल, ऑलिंपिकला गेलेल्याला फौज कशाला सोडेल? बरोबर आहे, असा जवान त्या २५ टक्क्यांत बसेलच. पण आठ जणांची बोट एका हिऱ्यावर चालत नाही. तिला आठही जण लागतात, शिवाय दोन-चार राखीव. चौथ्या वर्षी जो अजून घडतोय, ज्याच्या नावावर पदक नाही, त्याचं काय? पाचव्या-सहाव्या वर्षी कामाला येणारा गडी नेमका हाच असतो.

फौजेत खेळाडूंची थेट भरती होते, हे खरं. राज्य सरकारी नोकरीतही खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण दोन्हीकडे आधी स्पर्धेतली कामगिरी दाखवावी लागते. ज्याने बोटच पाहिली नाही त्याने प्रमाणपत्र आणायचं कुठून? पदक असेल तर नोकरी, आणि नोकरी असेल तरच पदक. खेड्यातलं पोर या चक्रात अडकतं.

आपल्या हातात काय?

नाशिक जिल्ह्यात धरणांना तोटा नाही. गंगापूर, दारणा, गिरणा, चणकापूर, करंजवण. उन्हाळ्यात पाणी तळाला जातं, हे मान्य. पण पावसाळा संपल्यानंतरचे काही महिने तरी सरावाला मिळू शकतात. आणि सुरुवातीला पाणी लागतच नाही. वल्ह्यासारखं ओढायचं रोइंग मशीन जमिनीवर चालतं, कुणाच्या अंगात किती दम आहे ते त्यावर समजतं. प्रत्येक तालुका क्रीडा संकुलात असं एक मशीन, शाळांतल्या उंच पोरा-पोरींची वर्षातून एकदा चाचणी, आणि जिल्ह्यात एका धरणावर शिकायच्या बोटी व प्रशिक्षक. एवढी मागणी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे करायला काय हरकत आहे? ग्रामसभेचा ठराव सोबत असेल तर अर्जाला वजन येतं.

पालकांसाठी एक गोष्ट. फौजेच्या ‘बॉइज स्पोर्ट्स कंपनी’त साधारण ८ ते १४ वयाची मुलं घेतात, शिक्षण आणि खेळ दोन्ही तिथेच. कोणत्या केंद्रात कोणता खेळ आहे ते वेगवेगळं असतं, म्हणून जाहिरात नीट वाचूनच जा. एजंटला पैसे देऊ नका.

जपानमधून पदक आलं तर गावोगावी फलक लागतील, सत्कार होतील, व्हायलाच हवेत. त्या सत्काराला जे पुढारी येतील त्यांना एवढंच विचारा : पदक घेऊन आलेल्याला तुम्ही हार घातला, पण ज्याच्या हातात अजून वल्हंच आलेलं नाही, त्याच्यासाठी तालुक्यात काय केलं?