तिरपे ठळक अक्षर

अक्षर जाड करून उजवीकडे कलते केले की ते धावू लागते. कुस्त्यांच्या जाहिरातीत, जत्रेतील नाटकाच्या फलकावर, मालमोटारीच्या पाठीवर त्याची ही धाव शोभते. 'जंगी' हा शब्द उभ्या, सडपातळ अक्षरांत छापला तर त्यातला जंगीपणा कुठे उरतो? मात्र शब्द दोन-तीनच हवेत, आकार मोठा हवा आणि भोवती मोकळी जागा हवी. गुंदसारख्या गावी हल्ली हाती येणाऱ्या स्मरणिकांत व पत्रिकांत परिच्छेदच्या परिच्छेद या अक्षरात असतात. संगणकाची एक कळ दाबली की काम होते!

रोमन लिपीतील तिरपे अक्षर म्हणजे वाकविलेले उभे अक्षर नव्हे. व्हेनिसच्या आल्डस मानुशिअसने फ्रान्चेस्को ग्रिफोकडून ते धावत्या हस्ताक्षरावरून कोरवून घेतले आणि १५०१ साली व्हर्जिलचे काव्य त्यात छापले. त्याचा जन्म वाचनासाठी झाला. जाहिरातीचा लठ्ठपणा अक्षरांना पुढे एकोणिसाव्या शतकात आला.

आपलेही धावते अक्षर होते, ते मोडी. कॅरेसाहेबांचा मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपूरला मोडी खिळ्यांतच छापला गेला. पण बाळबोधीची जोडीदारीण म्हणून मोडी छापखान्यात कधी नांदली नाही. त्यामुळे आपले तिरपे अक्षर म्हणजे ढकललेली बाळबोधच. शिरोरेषा आडवी राहते, काना कलतो. रफार, अनुस्वार नि वेलांटीचा फास उंचावर असल्याने सर्वांत अधिक सरकतात व शेजाऱ्याच्या अंगणात डोकावतात. मात्रा वेगळ्या खिळ्यांनी वर बसविण्याच्या जुन्या मुंबई पद्धतीत तर असा सांधा जुळविताना जुळाऱ्याची परीक्षाच असे. त्यात जाडी वाढली की पोकळ्या बुजतात. घ आणि ध, भ आणि म यांतला भेद शिरोरेषेतील एवढ्याशा खिंडीचा. ती बुजली की 'भात' आणि 'मात' सारखेच.

कानडी लिपीला अखंड शिरोरेषा नाही. बहुतेक गोल अक्षरे आपले तलकट्टू स्वतंत्रपणे वागवितात, म्हणून तिला हा कल बराच सोसतो. आमच्या जोयडा तालुक्यातील मुलांच्या डोळ्यांपुढे दिवसभर कानडी असते. ज्याच्या वाट्याला मराठीची चारच छापील पाने येतात, त्याला तीही अडखळत वाचावी लागली तर पाचवे पान तो कशाला मागेल?

कै. कमल शेडगे यांनी नाटकांची नावे हाताने रेखाटली. त्या त्या नावाच्या प्रकृतीप्रमाणे अक्षराला वळण दिले. कै. र. कृ. जोशी यांच्या 'मंगल' टाईपात वेगळे तिरपे रूपच नाही. पडद्यावर दिसते ती यंत्राची ओढाताण. तेव्हा मुखपृष्ठावरील नाव खुशाल तिरपे असावे, तेही शक्यतो चित्रकाराकडून काढवून घ्यावे. आत एखाद्या शब्दावर भर द्यावयाचा तर उभे जाड अक्षर आहे, अवतरणचिन्हे आहेत. आणि मजकूर छापखान्यात धाडण्यापूर्वी एक पान चौथीतल्या मुलाकडून मोठ्याने वाचवून घ्यावे.