आकाशाकडे पाहण्याचा गुन्हा

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर अवघ्या काही सेकंदांत मेघाणीनगरच्या वस्तीवर कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला आणि जमिनीवरील मृतांसह बळींची संख्या २६० वर गेली. या दुर्घटनेचे जे दृश्य साऱ्या जगाने पाहिले, ते कोणा वृत्तवाहिनीने टिपलेले नव्हते. विमानतळाजवळच्या एका घराच्या गच्चीवरून एका किशोरवयीन मुलाने केवळ विमान इतक्या जवळून दिसते या कुतूहलापोटी ते आपल्या मोबाइलवर चित्रित केले होते. पोलिसांनी त्याचा जबाब नोंदवला, तशी त्याला अटक झाल्याची वदंता पसरली. त्याला केवळ साक्षीदार म्हणून बोलावण्यात आले होते, असा खुलासा अखेर पोलिसांना करावा लागला.

ती वदंता खोटी होती, पण तिच्यावर लोकांचा इतक्या सहज विश्वास का बसला, हा प्रश्न उरतोच. विमानाकडे कॅमेरा रोखणारा माणूस पोलिसांच्या दृष्टीने संशयितच असणार, हे आपण गृहीत धरून चाललो आहोत. प्रत्यक्षात त्या चित्रफितीचे मोल मोठे होते. दोन्ही इंजिनांची किंवा विजेची साथ सुटली की विमानाच्या पोटाखाली आपोआप उघडणारा 'राम एअर टर्बाइन' नावाचा छोटा आपत्कालीन पंखा त्या वेळी उघडला होता का, याची चर्चा वैमानिक व तंत्रज्ञांनी सुरू केली ती अशा चित्रणाच्या आधारावर. महिनाभराने अपघात अन्वेषण विभागाने प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक अहवालात, विमानतळावरील कॅमेऱ्याच्या छायाचित्रासह, तो पंखा उघडल्याचे नमूद झाले.

विमाने पाहणे, त्यांचे नोंदणी क्रमांक टिपून ठेवणे आणि त्यांची छायाचित्रे घेणे या छंदाला इंग्रजीत 'प्लेन स्पॉटिंग' म्हणतात. आपल्याकडे हा रिकामटेकडा उद्योग वाटतो. पण त्याचा उगम शोधायला गेले तर तो थेट युद्धात सापडतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या किनाऱ्यावर आणि खेडोपाडी दुर्बिणी घेऊन बसलेल्या 'ऑब्झर्व्हर कोअर'च्या स्वयंसेवकांचे कामच हे होते की, येणारे विमान आपले की शत्रूचे, हे आकृतीवरून ओळखायचे. १९४१ साली 'द एअरोप्लेन स्पॉटर' नावाचे नियतकालिकही निघाले. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीच्या वेळी यांपैकी काही निरीक्षक जहाजांवर नेमण्यात आले, कारण स्वतःचीच विमाने पाडण्याचे प्रकार टाळायचे होते. ज्या छंदाकडे आज हेरगिरीची पूर्वतयारी म्हणून पाहिले जाते, तो एके काळी देशरक्षणाचा भाग होता.

अर्थात, युद्धकाळात जे कौतुकाचे होते ते पुढे संशयाचे झाले. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथील हवाई तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच नागरिकांना हेरगिरीच्या आरोपावरून पकडण्यात आले. हातातल्या वह्यांत विमानांचे क्रमांक लिहून ठेवण्यात कोणाला आनंद वाटू शकतो, ही गोष्टच ग्रीक अधिकाऱ्यांना पटेना. काही आठवडे कोठडीत काढल्यावर त्यांना जामीन मिळाला. एप्रिल २००२ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, काहींना तीन वर्षांची शिक्षाही सुनावली आणि नोव्हेंबरमध्ये अपिलात सगळे निर्दोष सुटले. २०१० साली दिल्लीतही असेच घडले. धावपट्टी दिसेल अशी खोली मागणाऱ्या दोन ब्रिटिश पाहुण्यांचा हॉटेलला संशय आला आणि त्यांच्याजवळ दुर्बीण, कॅमेरा व वैमानिकांचे संभाषण ऐकण्याचे यंत्र सापडल्याने त्यांना अटक झाली. दहशतवादाशी काडीचाही संबंध नसताना दंड भरून मायदेशी परतेपर्यंत त्यांचे सुमारे दोन महिने गेले. मुंबईवरील हल्ल्याला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते, हे लक्षात घेतले तर पोलिसांची अस्वस्थता समजू शकते. पण बेकायदा रेडिओ बाळगणे हा गुन्हा वेगळा आणि विमान पाहणे वेगळे, एवढा भेद तपासाच्या पहिल्या दिवशीच करता आला असता.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो? १९३७ च्या विमान नियमांतील तेराव्या नियमानुसार शासकीय विमानतळावर अथवा उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय छायाचित्र घेण्यास मनाई आहे. वर्ष पुन्हा वाचावे : १९३७. कॅमेरा ही तेव्हा मूठभरांची चैन होती आणि जुहूच्या मैदानावरून टाटांची टपालविमाने उडत होती. मूळ कायदा १९३४ चा. त्याची जागा आता १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. नावाचे भारतीयीकरण झाले, परंतु जुन्या कायद्याखालचे नियम नवे येईपर्यंत चालू राहावेत अशी सोय त्यातही आहेच. गंमत अशी की, हा नियम 'विमानतळावर' घेतलेल्या छायाचित्रांबद्दल बोलतो. कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर किंवा स्वतःच्या गच्चीवर उभे राहून आकाशाचे चित्र घेणाऱ्याविषयी तो काहीच म्हणत नाही. शिवाय खासगी कंपनी चालवीत असलेला मुंबईचा विमानतळ 'शासकीय' या व्याख्येत कसा बसवायचा, हा वकिलांना बरेच दिवस पुरेल असा विषय आहे. व्यवहारात मात्र कुंपणाबाहेरच्या माणसालाही हटकले जाते, कॅमेऱ्यातील चित्रे पुसायला लावली जातात आणि कोणत्या कलमाखाली, असे विचारण्याची बहुतेकांची हिंमत होत नाही. कायद्यात नसलेली बंदी अशी रस्त्यावर तयार होते.

सुरक्षेची बाजू पोकळ आहे, असे म्हणणे हा मात्र अप्रामाणिकपणा होईल. नोव्हेंबर २००२ मध्ये केनियातील मोंबासा येथून उडालेल्या इस्रायली प्रवासी विमानावर खांद्यावरून डागण्याची दोन क्षेपणास्त्रे सोडण्यात आली होती. ती चुकली, हे प्रवाशांचे नशीब. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २००३ मध्ये, हीथ्रोच्या भोवती ब्रिटनने सैन्य उभे केले. विमान उतरण्याच्या मार्गाखाली तासन् तास बसणाऱ्या अनोळखी माणसाची चौकशी व्हायलाच हवी. लष्करी तळांचा प्रश्न तर आणखी निराळा आहे. पुण्याचे लोहगाव हे वायुदलाचे ठाणे आहे आणि गोव्याचे दाबोळी नौदलाचे. तेथे प्रवासी विमाने पाहुण्यासारखी उतरतात. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी झालेल्या संघर्षानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अशा तळांवरून ये-जा करताना खिडक्यांचे पडदे खाली ठेवण्याचा आणि चित्रण न करण्याचा आदेश दिला, तेव्हा पुणेकर प्रवाशांनी कुरकुर केली खरी, परंतु त्यामागचे कारण उघड होते. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याची छाया या ठिकाणांवर पडते, ती योग्यच आहे.

पण मोपा, सहार किंवा पनवेलजवळचा नवा विमानतळ यांना तोच न्याय लावण्याचे कारण काय? नागरी विमानतळात गुपित असे काय उरले आहे? धावपट्ट्यांची लांबी, वळणमार्ग, विमाने उभी करण्याच्या जागा यांचे नकाशे वैमानिकांसाठी अधिकृतपणे प्रसिद्ध केलेले असतात. उपग्रहांची चित्रे कोणीही घरबसल्या पाहतो. विमाने आपली जागा, उंची आणि वेग स्वतःच रेडिओवरून सतत जाहीर करतात आणि स्वस्तातले यंत्र घेऊन ती माहिती कोणीही पकडू शकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या सभापती नॅन्सी पलोसी तैवानला गेल्या, तेव्हा 'फ्लाइटरडार २४'वर सुमारे २९ लाख लोकांनी तो प्रवास पाहिला. अशा काळात सहारच्या कुंपणापाशी उभ्या असलेल्या महाविद्यालयीन तरुणाचा कॅमेरा बंद पाडून कोणते गुपित राखले जाते, हे कळणे अवघड आहे.

या छंदाने प्रसंगी सत्तेलाही अडचणीत आणले आहे आणि या साऱ्या प्रकरणाचा सर्वांत गंभीर भाग तोच. ऑक्टोबर २००१ मध्ये कराची विमानतळावर एका येमेनी विद्यार्थ्याला गुपचूप अमेरिकनांच्या ताब्यात देण्यात आल्याची बातमी एका पाकिस्तानी पत्रकाराने दिली. त्या बातमीत विमानाचा क्रमांकही होता : एन ३७९ पी. सुटी बातमी म्हणून ती विरून गेली असती. पण दोन महिन्यांनी स्टॉकहोमहून दोन इजिप्शियन नागरिकांना नेणारे विमान तेच निघाले आणि युरोपातील निरनिराळ्या विमानतळांवर हौशी छायाचित्रकारांनी वर्षानुवर्षे, कोणत्याही हेतूविना, टिपून ठेवलेल्या चित्रांत ते पुन्हा पुन्हा आढळू लागले. खालिद अल-मस्री या जर्मन नागरिकाला नामसाधर्म्यामुळे मॅसिडोनियात पकडून जानेवारी २००४ मध्ये अफगाणिस्तानात नेण्यात आले. तो आपली कहाणी सांगत होता, पण पुरावा नव्हता. त्याला नेणारे बोइंग ७३७, क्रमांक एन ३१३ पी, मायोर्का बेटावरून स्कोप्येला गेल्याचे तेथील नोंदींतून आणि हौशी निरीक्षकांच्या छायाचित्रांतून पुढे आले. पत्रकारांनी हे धागे जोडले, युरोप परिषदेसाठी डिक मार्टी यांनी २००६ मध्ये त्यावर अहवाल दिला आणि डिसेंबर २०१२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने मॅसिडोनियाला दोषी धरले. ज्यांनी ती चित्रे काढली त्यांना सीआयएशी काही देणेघेणे नव्हते. एखादे विमान आपल्या संग्रहात नाही, एवढ्याच कारणाने त्यांनी ते टिपले होते.

मुंबईचे उदाहरण इतके नाट्यमय नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगेही नाही. येथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका धावपट्टीवरून दिवसाला हजाराच्या घरात विमाने चढतात-उतरतात. म्हणजे गर्दीच्या वेळी दर दीड मिनिटाला एक. घाटकोपर, कुर्ला, जरीमरी या वस्त्यांच्या पत्र्यांवरून ती इतकी खाली येतात की चाके मोजता यावीत. ८ जून २०२४ रोजी इंडिगोचे विमान याच धावपट्टीवर उतरले, तेव्हा पुढे एअर इंडियाचे विमान अजून जमिनीवरून उठत होते. त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली आणि काही तासांतच संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला करून चौकशी सुरू झाल्याचे जाहीर झाले. चित्रफीत नसती तरी चौकशी कदाचित झाली असती. पण या शहरातल्या प्रवाशांना त्याचा पत्ता लागला असता, असे म्हणवत नाही.

आणि सगळेच काही अपघात आणि चौकशा नव्हेत. २२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचे एक जुने 'जम्बो', 'आग्रा' नावाचे बोइंग ७४७, मुंबईहून अमेरिकेला कायमचे निघाले. उड्डाणानंतर वैमानिकाने ते किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे झुकवले. निरोप घेण्याची ही वैमानिकांची रीत. ज्या विमानांनी तीन पिढ्यांतल्या मराठी माणसांना आखातात, लंडनला, न्यूयॉर्कला नेऊन सोडले, त्या मालिकेचा हा शेवट आपण पाहू शकलो तो खाली कोणीतरी कॅमेरा घेऊन उभे होते म्हणून. कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकात तो क्षण मावला नसता.

इतर देशांनी यावर काढलेला तोडगा साधा आहे : जागा ठरवून द्या. म्युनिचच्या विमानतळावर पाहणाऱ्यांसाठी मुद्दाम टेकडी उभारली आहे. मँचेस्टरला धावपट्टीलगत उद्यान असून तेथे निवृत्त कॉन्कॉर्डही ठेवले आहे. जपानमध्ये नारिताजवळ 'साकुरा नो यामा' नावाची बाग केवळ यासाठी प्रसिद्ध आहे, तर मायामीत कुंपणाच्या जाळीला छायाचित्रकारांसाठी भोके ठेवलेली आहेत. शिकागोच्या ओहेर विमानतळाभोवती तर या छंदिष्टांचाच नोंदणीकृत गट संशयास्पद हालचालींवर नजर ठेवतो. यात उदारपणापेक्षा व्यवहार अधिक आहे. रोज त्याच जागी येणाऱ्या पन्नास ओळखीच्या माणसांत एकावन्नावा अनोळखी चटकन उठून दिसतो, हे कोणताही अनुभवी हवालदार सांगेल. शिवाय ठरलेली जागा असली की लोक भलत्या ठिकाणी चढत नाहीत. २०१७ मध्ये सेंट मार्टिन बेटावर धावपट्टीच्या टोकाशी कुंपणाला लटकून उभ्या राहिलेल्या एका पर्यटक महिलेचा इंजिनाच्या झोताने बळी गेला. तेथे कॅमेऱ्यांना नव्हे, तर त्या कुंपणाजवळ जाण्यालाच आळा घालायला हवा होता.

मुंबईत जागा कोठून आणायची, हा आक्षेप सहारपुरता रास्त आहे. तेथे झोपड्यांना लागून भिंत आहे आणि भिंतीला लागून विमाने. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून प्रवासी वाहतुकीला खुला झालेला नवी मुंबईचा विमानतळ अजून घडतोच आहे. पुढील टप्पे बाकी आहेत, आजूबाजूची जमीन सिडकोच्या नियोजनाखाली आहे आणि शहराच्या आराखड्यात एखादी टेकडी किंवा गच्ची राखून ठेवण्याचा खर्च विमानतळाच्या हिशेबात दिसणारही नाही. त्यासाठी नवा कायदाही नको. ज्या तेराव्या नियमाने बंदी घातली, त्याच नियमात महासंचालकांना लेखी आदेशाने सूट देण्याचा अधिकार आहे. ९ डिसेंबर २००४ च्या परिपत्रकाने प्रवाशांना विमानातून छायाचित्रे घेण्याची मुभा मिळाली, ती अशीच. २०२० मध्ये चंदीगड-मुंबई विमानात एका अभिनेत्रीभोवती वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी कॅमेरे घेऊन गोळा झाले, तेव्हा महासंचालनालयाने विमान कंपन्यांना कारवाईची तंबी दिली आणि लगोलग याच परिपत्रकाचा हवाला देत सामान्य प्रवाशांची मुभा कायम असल्याचेही स्पष्ट केले. म्हणजे खिडकीच्या आतून बाहेरचे चित्र घेणाऱ्याला एकवीस वर्षांपूर्वीच मोकळीक मिळाली आहे. खाली उभे राहून वर पाहणाऱ्यासाठी असे एक पानाचे परिपत्रक काढण्यास महासंचालनालयाला काय अडचण आहे, हे त्याने सांगायला हवे.