संस्कार आणि शेजारचा बाक

"आमच्या शाळेत संस्कारांवर फार भर आहे हो!" हे वाक्य हल्ली कानावर आलं की मी मनातल्या मनात त्या शाळेची फी किती असेल याचा अंदाज बांधतो. अंदाज सहसा चुकत नाही.

महाराष्ट्रातल्या शाळांत १९९७ साली मूल्यशिक्षण आलं. मूल्यं दहा. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सर्वधर्मसहिष्णुता पासून थेट नीटनेटकेपणापर्यंत. परिपाठाला, बोधकथांना माझी हरकत नाही. पण मला सांगा, ज्या वर्गातली सगळी मुलं एकाच प्रकारच्या घरांतून, एकाच प्रकारच्या गाड्यांतून येतात, तिथे सहिष्णुता दाखवायची तरी कोणाला?

साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. त्यात सगळ्या जातिधर्मांची मुलं होती, तेव्हा अस्पृश्य मानली गेलेलीसुद्धा. ती एकत्र राहायची, मिळून स्वयंपाक करायची, एका पंगतीला बसायची. नुसतं लिहायला सोपं आहे, पण तो काळ आठवा. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव मिळालं. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. भाऊराव स्वतः मॅट्रिकसुद्धा झालेले नव्हते. पण दुसऱ्याच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय माणूस शिकत नाही, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आणि आपण? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांना प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायला लावल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने हळूच नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा कुठे नसते हो? म्हणजे दारच बंद! जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला म्हणून बरं. मधल्या काळात संस्कारवाल्या पालकांपैकी एकजणही तक्रार करताना मला दिसला नाही. उलट सुटकेचे निःश्वासच ऐकू आले.

शाळांची एक तक्रार मात्र खरी आहे. या मुलांच्या फीचे पैसे सरकार वेळेवर देत नाही, वर्षानुवर्षं थकवतं. त्यासाठी सरकारला जरूर धरा. पण पालक पैशाबद्दल बोलतच नाहीत. ते म्हणतात, "त्या मुलांची भाषा आमची मुलं उचलतील."

उचलू देत की! 'मी गेल्तो' म्हणणाऱ्या पोराकडून आपल्या पोराला चार शब्द जास्त मिळाले तर मराठीचं काय बिघडणार आहे? तशीही ती आपल्या घरात आता भाजीवाल्याशी आणि कामवाल्या मावशींशी बोलण्यापुरतीच उरली आहे. (आता नात्यातल्या दोन-तीन जणांचे फोन येतील. येऊ देत.)

त्यांना मी एवढंच विचारणार आहे. तुमच्या मुलाच्या वर्गात त्या २५ टक्क्यांतली मुलं असतीलच. त्यातली कितीजण त्याच्या वाढदिवसाला घरी आली होती?