जेलात मनाची तपासणी झालीच पाहिजे!



यवत, दौंड, शिरूरच्या पालांवरून येरवडा जेलची वाट पारध्यांना कोणी शिकवायला नको. १८७१ च्या इंग्रजी कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. १९५२ ला तो कायदा गेला, पण संशय गेला नाही. जंगलपट्टीतल्या गावांना हीच वाट वनखात्याच्या केसमुळं ठाऊक आहे.

आत जामीनदार मिळत नाही, तारखेवर तारीख पडते. माणूस रात्र रात्र जागतो, जेवण सोडतो, मुलाखतीला आलेल्या बायकोशी बोलत नाही. घरचे म्हणतात, करणी झाली. जेलवाले म्हणतात, नाटक करतोय. आजार कोणीच म्हणत नाही!

कायदा काय सांगतो? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १०३. असा कैदी असेल तर त्याला उपचाराच्या जागी हलवायचं. जेलच्या डॉक्टरनं दर तीन महिन्यांनी मंडळाला लिहून द्यायचं, की आमच्याकडं मानसिक आजाराचा कैदी नाही. पण कैद्यापाशी न बसता लिहिलेलं 'नाही' म्हणजे जागेवर न जाता केलेला पंचनामा! आपल्या वनहक्क दाव्यांत असले पंचनामे आपण कमी पाहिलेत का?

आणि विचारायचं कोणत्या भाषेत? पारधी, कातकरी बोलणाऱ्याला शिपायासमोर हिंदीत विचारलं, तर तो "नाही साहेब" असंच म्हणणार. साहेबाला खरं सांगितलं की मार वाढतो, हे तो लहानपणीच शिकलाय.

काहीजण भीती घालतात, वेडा असा शिक्का बसला की जमीन जाईल, दावा बुडेल. हे खोटं आहे. कलम ३ प्रमाणे नुसत्या आजाराच्या कागदानं कोणी वेडा ठरत नाही, ते कोर्टच ठरवू शकतं. जातीजमातीवरूनही आजार ठरवता येत नाही.

म्हणून आपली मागणी:
१. जेलात आल्याबरोबर आणि पुढंही ठरावीक दिवसांनी प्रत्येक कैद्याची मनाची तपासणी करा.
२. ती त्याच्या भाषेत करा, शिपाई बाजूला ठेवून.
३. आजार निघाला तर उपचार करा आणि कोर्टाला कळवा.

मुलाखतीला जाल तेव्हा झोप, जेवण विचारा. काही वेगळं वाटलं तर अधीक्षकाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, तो मागा.

पण नुसत्या गोळ्यांवर आपण गप्प बसणार नाही. गोळी दिली म्हणून खोटी केस खरी होत नाही. आपल्या माणसाला औषध पाहिजे आणि जामीनही पाहिजे!