शाखा कोण निवडते, विद्यार्थी की त्याची जात?

गेल्या उन्हाळ्यात महागाव तालुक्यातल्या आमच्या एका वस्तीतली मुलगी विहारात आली. कला महाविद्यालयातले फाउंडेशनचे वर्ष संपले होते, आता शाखा निवडायची होती. तिला शिल्पकला घ्यायची होती. आम्ही चार कार्यकर्त्यांनी तिला बसवून समजावले. शिल्पकलेत पोट भरत नाही, उपयोजित कला घे, जाहिरातीत काम मिळेल, नाहीतर ए.टी.डी. करून ड्रॉइंग टीचर हो. तिने मान हलवली, उपयोजित कलेचा फॉर्म भरला. समाजातल्या एका लेकराला मार्ग दाखवला, या समाधानात आम्ही घरी गेलो.

आज आम्ही जाहीरपणे म्हणतो, आम्ही चुकलो. आणि मित्रांनो, ही चूक आमच्या चौघांपुरती नाही, सगळी चळवळच हा सल्ला देते.

फाउंडेशनचे वर्ष असते कशासाठी? रेखांकन, रंग, अक्षरलेखन, संकल्पचित्र, मातीकाम हे सगळे हाताने करून पाहावे, आपला हात कशात चालतो ते ओळखावे आणि मग रेखा व रंगकला, शिल्पकला, उपयोजित कला, अंतर्गत सजावट, वस्त्रकला यांतून निवड करावी, यासाठी. प्रस्थापितांची मुले हे वर्ष असेच वापरतात. आमची मुले मात्र पहिल्या दिवशीच उत्तर खिशात घेऊन वर्गात शिरतात. ते उत्तर घरच्या दारिद्र्याने लिहिलेले असते आणि त्यावर सही आमची असते.

जातिव्यवस्था माणसाचा कल आणि कुवत पाहत नाही, आईबापांचा दर्जा पाहून त्याचा धंदा ठरवते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त सांगून ठेवले. आज धंदा लादणारा कायदा नाही. पण खर्च तेच काम करतो. शासकीय कला महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तीनच शहरांत. महागावच्या पोराला खोलीभाड्यापासून सुरुवात करावी लागते. शिल्पाला माती, सळई, प्लास्टर, फायबर आणि मुख्य म्हणजे जागा लागते. तिघांच्या खोलीत चार फुटांचा पुतळा उभा करणार कुठे? मग ‘आवड बदलली’ असे म्हणायचे आणि स्वस्त पडणारी शाखा घ्यायची. याला आम्ही निवड म्हणायचे का?

काही जण म्हणतील, आधी पोट, मग कला. आम्ही हा मुद्दा उडवून लावत नाही. कापूस वेचून आणि सोयाबीन सोंगून लेकीला शिकवणाऱ्या मायला कलेवर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण ज्याला आपण सुरक्षित म्हणतो तो रस्ता खरेच सुरक्षित आहे का? शाळांमधल्या कला शिक्षकांच्या जागा आटल्या, मानधनावर ‘अतिथी निदेशक’ नेमण्याची पाळी आली. जाहिरातीचे साधे डिझाईन आज संगणक मिनिटात काढून देतो. म्हणजे आपण मुलीची आवडही घेतली आणि पोटाची हमीही दिली नाही.

उपयोजित कला हलकी, असे आम्ही म्हणत नाही. चळवळीला पोस्टर लागते, पुस्तकाचे मुखपृष्ठ लागते. ज्याला ते मनापासून करायचे आहे त्याने अभिमानाने करावे. आमचे भांडण शाखेशी नाही, सक्तीशी आहे.

आता आपल्याकडे पाहू. गावोगावी बाबासाहेबांचे पुतळे बसवतो. चष्मा चुकला, चेहरा जमला नाही म्हणून कुरकुरतो. घडवणारे हात आपल्या वस्तीत का तयार झाले नाहीत, हे विचारत नाही. २०१२ साली अकरावीच्या पाठ्यपुस्तकातल्या शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून देश पेटला. आंदोलन झाले, चित्र निघाले. पण १९३२ ते १९५६ या काळात वृत्तपत्रांनी बाबासाहेबांची चित्रांतून कशी टिंगल केली, हे २०१९ साली पुस्तक काढून उघडे पाडले ते उन्नमती श्याम सुंदर यांनी, जे स्वतः व्यंगचित्रकार आहेत. आपल्या नागपूरच्या सावी सावरकरांनी अस्पृश्यता आणि देवदासी प्रथा मुद्राचित्रांतून जगासमोर ठेवली. ‘यात पैसा नाही’ म्हणून त्यांना कोणी वळवले असते तर?

म्हणून कार्यकर्त्यांपुढे आमच्या तीन मागण्या आहेत. एक, जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे एका रात्रीचे भाडे वाचवा आणि कला शिकणाऱ्या मुलांच्या साहित्यासाठी ठेवा. दोन, सुट्टीत समाजमंदिराचे आवार त्यांना कामासाठी मोकळे करा. तीन, पुढचा पुतळा सांगताना मूर्तिकाराला अट घाला की आमची दोन मुले हाताखाली घेऊन शिकवावी लागतील.

आणि फाउंडेशनच्या विद्यार्थ्यांनो, वर्षभर सगळे करून पाहा. वरच्या वर्गातल्यांना खर्च विचारा, कामे विचारा, मग ठरवा. आमच्यासारखे चार जण सल्ला द्यायला आले, तर आधी तुमचे काम त्यांच्यापुढे ठेवा.

ती मुलगी दिवाळीत भेटली. आम्ही माफी मागितली. ती एवढेच म्हणाली, “दादा, तुम्ही सांगतलं लय, पण मी बनवलेलं काही पाह्यलंच नाही.”

यंदा सुट्टीत समाजमंदिराच्या आवारात तिच्यासाठी माती येणार आहे. ती जबाबदारी आमची.

जयभीम!