सुनेच्या व्हिसाची फी कुणाच्या हातात?



‘मुलगी लंडनला दिली’ हे आपल्याकडे आजही मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं. पण तिथे राहण्याचा तिचा हक्क नवऱ्यावर आणि त्याने भरलेल्या फीवर अवलंबून असतो, हा विषय लग्नाच्या बैठकीत कुणीच काढत नाही.

ब्रिटिश नागरिकाशी लग्न करून गेलेल्या बाईला तिथे कायम राहण्याचा परवाना मिळायला २०१२ पासून साधारण ५ वर्षं लागतात. त्याआधी हा काळ २ वर्षांचा होता. या ५ वर्षांत तीनदा अर्ज करावा लागतो. एप्रिल २०२५ च्या दराने पहिल्या व्हिसाला १,९३८ पौंड, मुदतवाढीला १,३२१ आणि कायमच्या परवान्याला ३,०२९ पौंड. शिवाय आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. सगळं मिळून हा आकडा १२ हजार पौंडांच्या आसपास जातो.

हे पैसे भरतो कोण? बहुतेक वेळा नवरा. मग ‘तुझ्यासाठी एवढे पैसे ओतले’ हे रोज ऐकावं लागतं. पुढे ‘मुदतवाढीचा अर्जच करत नाही, बघू कुठे जातेस’ ही धमकी येते. हुंड्याच्या हिशेबासारखाच हा एक नवा हिशेब.

यातून काही वाट निघाली ती बायकांच्या लढ्यामुळे. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही १९७९ साली सुरू झालेली संघटना आपल्याला किरणजित अहलुवालियाच्या खटल्यामुळे माहीत आहे. तिने आणि इतर संघटनांनी वर्षानुवर्षं नेटाने मागणी लावून धरली. १९९९ मध्ये पहिली सवलत मिळाली आणि २००२ मध्ये ती नियमांत आली. घरात छळ झाल्यामुळे लग्न मोडलं, तर बाईला स्वतःच्या नावाने कायमच्या परवान्यासाठी अर्ज करता येऊ लागला. पण अर्जाचा निकाल लागेपर्यंत खायचं काय, राहायचं कुठे? सरकारी मदत नाही, म्हणून आश्रयगृहंही दार लावून घेत. त्यासाठी पुन्हा लढावं लागलं. २०१२ पासून अशा बाईला ३ महिन्यांची तात्पुरती परवानगी, काम करण्याची मुभा आणि सरकारी मदत मिळू शकते. ती निराधार असल्याचं मान्य झालं तर परवान्याची फीही माफ होते.

इथेच खरी मेख आहे. निराधार असल्याचा पुरावा द्यायचा कुणी? जिचं बँकेत खातं नाही, पगार नवऱ्याच्या खात्यात जातो, पासपोर्ट सासूच्या कपाटात आहे, तिने. आणि जी चार पैसे कमावते, ती निराधार ठरतेच असं नाही. तिने ३,०२९ पौंड, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, कुठून आणायचे? मार खाणाऱ्या बाईला आधी कंगाल व्हायला लावणारी ही कसली माफी? आमचं म्हणणं स्पष्ट आहे. छळामुळे घर सोडलेल्या कोणत्याही बाईकडून ही फी घेऊ नये. मदत ही दया नाही, तो हक्क आहे.

पण हा प्रश्न तिकडच्या बायकांवर सोडून आपल्याला मोकळं होता येणार नाही. मुलगी इथून जाते आणि पुष्कळदा तिला इथेच आणून टाकलं जातं. ‘महिनाभर माहेरी राहा’ म्हणून पाठवायचं आणि पासपोर्ट काढून घ्यायचा, ही रीत आपल्याला नवी नाही. जानेवारी २०२४ च्या अखेरीपासून अशा टाकलेल्या बाईला भारतातूनही ब्रिटनमध्ये परतण्यासाठी अर्ज करता येतो. हे आपल्या किती सल्ला केंद्रांना ठाऊक आहे?

म्हणून एवढं तरी करूया. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या पासपोर्ट, व्हिसा आणि लग्नाच्या दाखल्याच्या प्रती माहेरी ठेवायला लावूया. स्वतःच्या नावाचं खातं उघड, असं तिला बजावूया. तिकडे छळग्रस्त बायकांच्या अशा अर्जासाठी सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, हे तिला जाण्याआधीच सांगूया. तीन महिन्यांची परवानगी घेतली की जुना व्हिसा संपतो. म्हणून कोणताही अर्ज करण्याआधी तिने जाणकार वकिलाला किंवा तिथल्या स्त्री-संघटनेला विचारावं.

लग्नात मुलीला सोनं देतो. त्याच्याबरोबर ही माहितीही बांधून देऊया. अडचणीच्या वेळी सोनं सासरी अडकून पडेल, माहिती तिच्यापाशीच राहील.